चढती बोट, उतरती बोट

उत्तर अमेरिकेतील ह्युरन सरोवराचे पाणी ईरी सरोवराला मिळते ते दोन नद्यांच्या वाटेने: आधी सुमारे ६४ किलोमीटर लांबीची सेंट क्लेअर नदी, मग त्याच नावाचे एक उथळ सरोवर आणि त्यापुढे डेट्रॉइट नदी. या प्रवाहांना नद्या म्हणण्याचा प्रघात असला, तरी भूगोलाच्या दृष्टीने त्या दोन जलाशयांना जोडणाऱ्या सामुद्रधुन्याच होत, आणि ‘डेट्रॉइट’ या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही तोच आहे. एका काठाला अमेरिकेचे मिशिगन राज्य आणि दुसऱ्या काठाला कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत असलेला हा जलमार्ग अनेक ठिकाणी इतका अरुंद आहे की तीनशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज जाऊ लागले म्हणजे पलीकडचा देश काही क्षण त्याच्या आड दिसेनासा होतो. मोठ्या बंदरांत जहाज पाहायचे तर कुंपणाबाहेरून आणि दुरून पाहावे लागते. येथे ते लोकांच्या अंगणापुढून जाते. नदीकाठी बसवलेल्या कॅमेऱ्यांतून ही जहाजे घरबसल्या पाहण्याचा जो छंद अलीकडे रूढ झाला आहे, त्याची मुळे दीडशे वर्षे मागे जातात, आणि ती छंदात नसून व्यवसायात आहेत.

या वाटेवरील रहदारी मुख्यतः लोखंडाने निर्माण केली. सुपीरिअर सरोवराच्या दक्षिणेस मार्क्वेटच्या परिसरात १८४४ साली लोहखनिज आढळले, आणि १८५५ साली सुपीरिअर व ह्युरन सरोवरांच्या दरम्यान सू सेंट मेरी येथील खळाळता उतार टाळण्यासाठी जलपाश, म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला व आत पाणी भरून किंवा सोडून जहाजाला वर-खाली नेणारा प्रचंड हौद, बांधून पुरा झाला. तेव्हापासून खनिज दक्षिणेकडे क्लीव्हलंड, ॲश्टब्यूला अशा ईरीकाठच्या बंदरांत उतरू लागले आणि परतीच्या फेरीत दगडी कोळसा उत्तरेकडे जाऊ लागला. प्रवाहाविरुद्ध ह्युरनकडे जाणारे जहाज ते ‘चढते’ आणि ईरीकडे येणारे ते ‘उतरते’, ही येथील रोजची परिभाषा आहे. जहाज कितीही अवाढव्य असो, सरोवरांवरचे खलाशी त्याला ‘बोट’च म्हणतात, ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये, कारण मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटींनाही किनाऱ्यावरची माणसे बोटच म्हणत आणि धक्क्यावर त्यांची वाट पाहत.

बिनतारी संदेशवहनाच्या आधीच्या काळात बंदर सोडलेले जहाज पुढच्या बंदरापर्यंत जगाच्या दृष्टीने हरवलेलेच असे. वाटेत असताना मालकाने माल दुसऱ्या धक्क्यावर उतरवण्याचे ठरवले, तर कप्तानाला ते कळवण्याचे साधन नव्हते. मात्र या वाटेवरच्या प्रत्येक जहाजाला डेट्रॉइट शहरासमोरून जावेच लागे. ही अडचण म्हणजेच धंदा आहे, हे जॉन वॉर्ड वेस्टकॉट याने ओळखले. १८७४ साली त्याने वल्ह्यांची नाव घेऊन जाणाऱ्या जहाजांना गाठण्यास आणि बदललेले हुकूम पोहोचवण्यास प्रारंभ केला. जहाज थांबत नसे. नाव त्याच्या अंगाला लागे आणि वरून दोरीने सोडलेल्या बादलीत कागद ठेवला जाई. १८९५ पासून याच पद्धतीने टपालही जाऊ लागले, १९४८ साली वेस्टकॉट कंपनीला अमेरिकी टपाल खात्याचे कंत्राट मिळाले, आणि पुढे या तरंगत्या टपालाला ४८२२२ हा स्वतंत्र पिनकोडही मिळाला. या धंद्याचे भांडवल म्हणजे काठावरची नजर होती. दुरून येणारा आकार कोणत्या कंपनीचा, कोणत्या नावाचा, भरलेला की रिकामा, हे धुरांड्याचा रंग, त्यावरची खूण, डोलकाठ्यांची ठेवण आणि पाण्यात बुडालेल्या भागाची खोली यांवरून ओळखता आल्याशिवाय नाव वेळेवर पाण्यात ढकलता येत नसे.

जहाजाची ओळख पटणे किंवा न पटणे याला किती वजन असू शकते, हे नोव्हेंबर १९१३ मधील वादळाने दाखवले. चार दिवस चाललेल्या त्या वादळात या सरोवरांवर बारा जहाजे बुडाली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. वादळ ओसरल्यावर, सेंट क्लेअर नदी जेथे सुरू होते त्या पोर्ट ह्युरनच्या उत्तरेस पाण्यावर एक पोलादी सांगाडा उलटा तरंगताना दिसला. तळ वर आणि नाव पाण्याखाली, त्यामुळे ते कोणते जहाज हे कोणालाच सांगता येईना, आणि बेपत्ता जहाजांवरील खलाशांच्या कुटुंबांना आपले माणूस त्यात होते की नव्हते हेही कळेना. १५ नोव्हेंबरला विल्यम बेकर नावाच्या पाणबुड्याने खाली उतरून ‘चार्ल्स एस. प्राइस’ ही अक्षरे वाचली तेव्हा हा प्रश्न सुटला. धुरांड्याच्या रंगावरून नाव ओळखणाऱ्या काठाला असे जहाज भेटले होते ज्याला धुरांडे दिसण्याजोगे उरले नव्हते.

रेडिओ आल्यावर काठावरच्या पाळतीची व्यावहारिक गरज ओसरत गेली, पण सवय गेली नाही. उलट पोटापाण्याचे ओझे उतरल्यामुळे ती हौस झाली. १९५९ साली सू सेंट मेरी येथील टॉम मॅन्स याने ‘नो युवर शिप्स’ ही जहाजांची नावे, मापे आणि धुरांड्यांच्या खुणा देणारी पुस्तिका काढली, आणि जी माहिती एके काळी वेस्टकॉटच्या माणसांचे धंद्याचे ज्ञान होती ती खिशात बाळगता येऊ लागली. जहाजांकडूनही या हौसेला प्रतिसाद होता. तीन लांब आणि दोन आखूड भोंगे ही सरोवरांवरील मानाची सलामी काठावरच्या लोकांसाठीही वाजवली जाई. १९५८ साली डेट्रॉइट नदीकाठच्या रिव्हर रूज येथे जलावतरण झालेल्या, ७२९ फूट लांबीच्या ‘एडमंड फिट्झजेराल्ड’चा कप्तान पीटर पुल्सर तर या दोन नद्यांतून जाताना, दिवस असो वा रात्र, जहाजाच्या ध्वनिक्षेपकावरून संगीत लावी आणि सूच्या जलपाशात कर्णा घेऊन बाहेर येऊन पर्यटकांना जहाजाची माहिती सांगे. पुल्सर सेवेतून गेल्यानंतर, १० नोव्हेंबर १९७५ रोजी, सुपीरिअर सरोवरात हे जहाज २९ खलाशांसह बुडाले आणि सर्वांच्या तोंडी झाले. बुडण्याआधीची सतरा वर्षे ते मुख्यतः काठावरून पाहिले जाणारे आणि काठाला दाद देणारे जहाज होते, हे मात्र त्या प्रसिद्धीत सहसा मागे पडते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस सू येथे १,२०० फूट लांबीचा पो जलपाश खुला झाला आणि १९७२ पासून एक हजार फूट लांबीची जहाजे आली. एका जहाजात पूर्वीच्या कित्येकांचा माल मावू लागल्याने जहाजांची संख्या घटली आणि काठावरच्या माणसाची प्रतीक्षा लांबली. ही प्रतीक्षा सोसण्याजोगी केली ती पुढच्या यंत्रांनी. केंब्रिज विद्यापीठात १९९१ साली कॉफीचे भांडे भरलेले आहे की नाही हे पाहण्यासाठी लावलेला कॅमेरा १९९३ मध्ये इंटरनेटला जोडला गेला, आणि त्या आळशी सोयीतून निघालेले तंत्र काही वर्षांतच नदीकाठांवर पोहोचले. त्याच सुमारास जहाजांवर स्वयंचलित ओळखयंत्रणा आली. ही यंत्रणा जहाजाचे नाव, स्थान, वेग व दिशा रेडिओलहरींद्वारे सतत प्रक्षेपित करते, आणि आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना ती २००४ अखेरपर्यंत बंधनकारक झाली. आता पोर्ट ह्युरनजवळच्या ब्लू वॉटर पुलाखाली जहाज दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचे नाव नकाशावर आलेले असते.

या बदलात बसल्या जागी जहाज दिसण्याची सोय झाली, हे उघड आहे. दूर देशी राहणाऱ्यालाही उतरती बोट पाहता येते, आणि खलाशाच्या घरच्यांना त्याचे जहाज सुखरूप गेल्याचे पडद्यावर कळते, जे १९१३ च्या नोव्हेंबरात कोणाच्याच नशिबी नव्हते. परंतु धुरांड्यावरून नाव ताडण्याचे कसब बेकार झाले. त्याहून मोठा फरक असा की ही नजर एकतर्फी आहे. वेस्टकॉटच्या नावेतून वर पाहणाऱ्याला वरून बादली उतरत असे आणि पुल्सरच्या संगीताला काठावरचे हात हलत. कॅमेऱ्यामागच्या हजारो जणांपैकी एकही कप्तानाला दिसत नाही. काही कॅमेऱ्यांना ध्वनिग्राहक जोडलेला असतो, आणि काठावर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या एखाद्याने हात केल्यावर वाजलेले तीन लांब, दोन आखूड भोंगे त्यातून इतरांनाही ऐकू येतात.

१५ जानेवारीपासून २५ मार्चपर्यंत सूचे जलपाश दुरुस्तीसाठी बंद असतात आणि खनिजाच्या बोटी धक्क्यांना लागून पडून राहतात. या दहा आठवड्यांत नदीकाठचे कॅमेरे बंद केले जात नाहीत. ते ह्युरनमधून वाहत येणाऱ्या बर्फाच्या लाद्या आणि पलीकडचा सार्निया शहराचा काठ दाखवत राहतात, आणि त्या वेळीही ते पाहणारे कोणी ना कोणी असते.