मुखपृष्ठावरची बाई

आमच्या घरात पहिले चित्र आले ते रद्दीतून. आई वणी तालुक्यात दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाई. मालकाच्या घरून मिळालेल्या एका जुन्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ तिने ज्वारीच्या पिठाच्या खळीने कुडाच्या भिंतीवर चिकटवले होते. समईशेजारी बसलेली एक गोरी बाई. आतला मजकूर आईला वाचता येत नव्हता. आज महाविद्यालयात इतिहास शिकवताना प्रश्न पडतो : ती बाई कुणासाठी काढलेली होती?

1894 साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला छापील तसबिरी होऊन घरांत गेल्या. पुढे हे काम मासिकांनी उचलले. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. 1920 साली 'किर्लोस्कर खबर' आणि 1930 साली 'स्त्री' त्यांनी सुरू केले. 1945 पासून दीनानाथ दलालांचा 'दीपावली' आला. चित्राची आवड हा सुगृहिणीचा गुण ठरला आणि त्या गुणावर अंक खपले. या मासिकांनी स्त्रियांना लिहिते केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मुखपृष्ठावरच्या बाईच्या हातावर पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे नव्हते. गिऱ्हाईक आधी ठरले होते, सौंदर्य मागाहून.

याच 1920 साली 'मूकनायक' निघाले आणि याच 1930 साली 'जनता'. तिकडे कारखान्याचे पाठबळ, इकडे वर्गणीची चणचण. रंगीत ठसे आमच्या पत्रांना कुठून परवडणार?

तरीही आमच्या स्त्रियांनी आपले रूप स्वतः घडवले. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी त्यांना सांगितले, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाका. बायकांनी लगेच तसे नेसून दाखवले. त्यासाठी कुठला अंक विकत घ्यावा लागला नाही. जुलै 1942 मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली, तेव्हा ही नेसण हजारोंच्या अंगावर होती. आपल्या सौंदर्यदृष्टीचा इतिहास लिहायचा, तर तो या नेसणीपासून लिहावा लागेल.

मग आईने ते चित्र का लावले? मागे एकदा तिला विचारले. ती म्हणाली, "ते बाई बसेल हाये ना बाप्पा. आपल्याले बसाले कधी भेटलं?"

ज्या चित्रकाराने रंग आणि दागिने विकले, त्याच्या चित्रातून माझ्या निरक्षर आईने फक्त विसावा उचलला होता.