मराठवाड्यातील घरांमधील ओल आणि बुरशी

घरातील ओल म्हणजे भिंती, छत, जमीन किंवा घरातील वस्तू यांमध्ये साचून राहिलेला जादा ओलावा होय. हा ओलावा टिकून राहिल्यास पृष्ठभागावर बुरशी वाढते, गिलावा सुटतो, लाकूड कुजते आणि रहिवाशांना श्वसनाचे विकार जडू शकतात. नांदेड व लातूर हे मराठवाड्यातील जिल्हे प्रामुख्याने अवर्षणाच्या संदर्भात ओळखले जातात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. तरीही येथील पारंपरिक घरबांधणीवर पावसाळ्यात घर कोरडे ठेवण्याच्या प्रयत्नांचा ठसा आहे. माळवदाची गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे छतावर माती चढवण्याची रीत आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपातील जीवितहानी यांचा संबंध हे त्याचे सर्वांत गंभीर उदाहरण आहे.

ओलीचे प्रकार

घरात ओल मुख्यतः तीन मार्गांनी येते. पहिला मार्ग गळतीचा: छताच्या भेगा, तुंबलेले पन्हाळ किंवा फुटलेले नळ यांतून पाणी झिरपते. दुसरा मार्ग जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीचा आहे. जोत्यात ओलरोधक थर नसल्यास जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते. ते सुकताना त्यातील क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीच्या रूपात उरतात व गिलावा खिळखिळा होतो. यालाच भिंतीला ‘लोणा लागणे’ म्हणतात. बांधकामासाठी क्षारयुक्त पाणी वापरले असल्यासही लोणा दिसतो.

तिसरा मार्ग बाष्पाच्या संघननाचा होय. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम, तर २० अंश तापमानाच्या हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प सामावते. त्यामुळे दमट हवा थंड पृष्ठभागाला लागली की जादा बाष्पाचे पाणी होते. स्वयंपाक, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे आणि माणसांचा श्वास हे या बाष्पाचे नेहमीचे स्रोत आहेत. ओल कोणत्या प्रकारची आहे हे तिच्या जागेवरून बरेचसे ओळखता येते: गळतीचा डाग पावसानंतर पसरतो, चढती ओल जमिनीलगत राहते, तर संघननाची ओल कोपऱ्यांत, कपाटांमागे व वारा न फिरणाऱ्या जागी दिसते.

हवामान आणि जमीन

दोन्ही जिल्ह्यांचा बहुतांश भाग दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात येतो. पावसाचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते, तर हिवाळ्यातील रात्री थंड असतात. गोदावरी, मांजरा, तेरणा व लेंडी या नद्यांच्या खोऱ्यांत काळी माती आढळते. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. या हालचालीमुळे उथळ पायाच्या घरांच्या भिंती तडकतात व त्या तडांतून पाणी आत शिरते.

माळवद

माळवद किंवा धाबे हे मराठवाड्यातील पारंपरिक सपाट मातीचे छत होय. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा किलचा आणि सर्वांत वर मातीचा जाड थर अशी त्याची रचना असते. घराचा आकार खांबांमधील ‘खणां’वरून मोजला जातो. उजेड येण्यासाठी व धूर जाण्यासाठी छताला झरोका ठेवतात. थरासाठी गावठाणातील पांढरी माती वापरली जाते. काळ्या मातीप्रमाणे ती वाळल्यावर भेगाळत नाही.

जाड भिंती व मातीचे छत यांमुळे घर उन्हाळ्यात थंड राहते. मात्र असे छत दरवर्षी निगा मागते. पावसाळ्यापूर्वी तण उपटणे, उंदरांची बिळे बुजवणे, पन्हाळे मोकळी करणे आणि नवी माती टाकून ती चोपणे ही कामे करावी लागतात. जुनी माती न काढता नवी टाकत गेल्याने थराची जाडी वाढत जाते. थर ५० सेंटीमीटर जाडीचा झाला तर प्रत्येक चौरस मीटरवर कोरड्या मातीचाच भार सुमारे ८०० किलोग्रॅम होतो. पावसाने भिजल्यावर तो आणखी वाढतो.

किल्लारी भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमाभागात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन होते आणि बहुतेक लोक झोपेत होते. मृतांची संख्या सुमारे आठ ते दहा हजार मानली जाते. या तीव्रतेच्या मानाने जीवितहानी फार मोठी होती आणि तिचे प्रमुख कारण घरांची बांधणी हे होते.

येथील भिंती ओबडधोबड दगडांच्या व मातीच्या चिखलात रचलेल्या होत्या. आतील व बाहेरील थर स्वतंत्र असून मध्ये दगडगोट्यांची भर होती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असत. बेसाल्ट दगडातून पाणी सहसा जात नाही, परंतु सांध्यांतील माती भिजली की मऊ पडते, वाहून जाते आणि भिंतीला फुगारा येतो. भूकंपात अशा भिंती कोसळल्या व वरील मातीचा प्रचंड भार खाली आला. ज्या घरांत छताचा भार भिंतींऐवजी सुस्थितीतील लाकडी खांबांवर होता, त्यांपैकी काही ठिकाणी भिंती पडूनही छत उभे राहिले. गळती व वाळवीने खांबांची टोके कुजलेली असल्यास हा आधार मिळत नाही.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. इतर गावांतील जुन्या घरांच्या मजबुतीकरणात छतावरील जादा माती काढणे, जलरोधक थर घालणे आणि भिंतींचे दोन्ही थर जोडणे या उपायांचा समावेश होतो. गळती रोखण्याचे काम जलरोधक थराने केले की मातीचा थर पातळ ठेवता येतो.

नव्या बांधकामातील ओल

सिमेंट-काँक्रीटच्या घरांत गळतीचे स्वरूप बदलले. स्लॅबला पुरेसा उतार नसल्यास पाणी साचते व पोलादी सळ्या गंजून काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. यावर विटांचे तुकडे व सिमेंट यांचा उतार दिलेला कोबा हा प्रचलित उपाय आहे. पत्र्याच्या घरांत हिवाळ्यात संघनन होते: निरभ्र रात्री पत्रा बाहेरील हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्याच्या आतील बाजूने पाण्याचे थेंब टपकतात.

बाष्पीभवनावर चालणारा कूलर कोरड्या उन्हाळ्यात उपयुक्त असतो. पाऊस सुरू झाल्यावर हवा आधीच दमट असल्याने तो फारसा गारवा देत नाही, मात्र खोलीत बाष्प वाढवतो. जुन्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केल्यास भिंतीतील ओलावा बाहेर पडू शकत नाही व गिलाव्यामागील माती कुजकट आणि ठिसूळ होते.

बुरशी आणि आरोग्य

ओलसर भिंतींवर क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम व अ‍ॅस्परजिलस या प्रजातींच्या बुरश्या सामान्यतः आढळतात. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिल्यास त्यांची वाढ होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनविकारांचा व दमा बळावण्याचा धोका अधिक असतो. बुरशीची कोणतीही सुरक्षित मर्यादा त्यात दिलेली नाही. ओल रोखणे हाच मुख्य उपाय मानला आहे.

२०२१ मध्ये कोविड-१९ च्या रुग्णांमध्ये आढळलेला म्युकरमायकोसिस हा आजार ‘काळी बुरशी’ या नावाने ओळखला गेला. भिंतीवरील काळ्या डागांशी त्याचा घोळ केला जातो. प्रत्यक्षात तो म्युकोरेलीस गणातील बुरश्यांमुळे होतो. अनियंत्रित मधुमेह व स्टिरॉइडचा वापर ही त्याची प्रमुख जोखीमकारणे होती.

साठवलेले धान्य हा ग्रामीण घरांतील वेगळा प्रश्न आहे. जुन्या घरांत ज्वारी बळदात किंवा जमिनीतील पेवात ठेवत. आता सोयाबीन व तुरीची पोती अनेकदा राहत्या खोलीत रचली जातात. ओलसर भिंतीला टेकलेली पोती बुरसतात. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते व ते शिजवल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.

प्रतिबंध आणि उपाय

ओलीचे मूळ दूर केल्याशिवाय बुरशी पुसणे किंवा वरून रंग देणे टिकत नाही. त्यामुळे प्रथम गळती बंद करणे, पन्हाळ व सांडपाण्याची वाट जोत्यापासून दूर नेणे आणि नंतर भिंत पूर्ण सुकू देणे हा क्रम पाळला जातो.

कठीण पृष्ठभागावरील थोडी बुरशी नाकातोंडाला मास्क व हातात मोजे घालून साबणाच्या पाण्याने घासून काढता येते. कोरडी बुरशी झाडल्यास तिचे बीजाणू हवेत पसरतात. क्लोरीनयुक्त विरंजक वापरल्यास ते आम्लयुक्त स्वच्छताद्रव किंवा अमोनियात मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निर्माण होतात. स्वयंपाकघर व न्हाणीघरातील वाफ बाहेर जाण्यासाठी खिडकी किंवा पंख्याची सोय, कपाटे भिंतीपासून काही अंतरावर ठेवणे आणि धान्याची पोती लाकडी फळ्यांवर रचणे हे नित्याचे उपाय आहेत.

पारंपरिक रीतींपैकी काहींना शास्त्रीय आधार आहे. चुन्याची सफेदी तीव्र अल्कधर्मी असल्याने तिच्यावर बुरशी सहजासहजी वाढत नाही, शिवाय ती भिंतीतील बाष्पाला वाट देते. घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण धुऊन उन्हात वाळवण्याची प्रथा पावसाळ्याच्या अखेरीस येते, म्हणजे कापडात सर्वाधिक दमटपणा साठलेला असताना.

हे सुद्धा पहा

माळवद
गढी
किल्लारी भूकंप
बळद
बुरशी