अकालप्रसूत अर्भके आणि रुग्णालयीन मृत्यूची जोखीम : खानदेशच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

बीजसंज्ञा : अकालप्रसूती, अल्पवजन, नवजात मृत्यू, सार्वजनिक आरोग्य, खानदेश.

प्रस्तावना

गर्भकालाचे 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मणाऱ्या अर्भकास अकालप्रसूत म्हणतात. असे अर्भक रुग्णालयात दगावले की ‘अपुरे दिवस’ हे कारण पुरेसे मानले जाते. परंतु सारख्याच दिवसांच्या दोन अर्भकांपैकी एक जगते व दुसरे दगावते, याचा उलगडा त्या कारणाने होत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा धुळे व जळगाव जिल्ह्यांच्या संदर्भात ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. मृत्यूची जोखीम रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही. ती गर्भारपणात आणि प्रवासात साठत येते. आकडा मात्र रुग्णालयाच्या नावावर पडतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संज्ञेचा इतिहास : दिवस की वजन?

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते म्हणून त्या महिन्यातील जन्म धोक्याचा मानला आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकातही अशीच धारणा आढळते. वास्तविक गर्भकाल जितका अधिक, तितकी जगण्याची शक्यता अधिक. तथापि या समजुतीमागे दिवस मोजण्याची दृष्टी होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

आधुनिक नोंदींत मात्र काही काळ दिवसांची जागा वजनाने घेतली. 1948 साली जागतिक आरोग्य संघटनेने 2500 ग्रॅम वा त्याहून कमी वजनाच्या अर्भकास अकालप्रसूत ठरविले. कुपोषित मातेचे पूर्ण दिवसांचे, पण कृश मूलही त्यामुळे याच वर्गात गणले गेले. ही त्रुटी ध्यानी आल्यावर 1961 मध्ये ‘अल्पवजनी’ ही स्वतंत्र संज्ञा स्वीकारण्यात आली. अतएव जुन्या व नव्या नोंदींची सरसकट तुलना करणे अभ्यासकाने टाळले पाहिजे.

खानदेशच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. 1906 साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला व सातपुड्यातील आदिवासीबहुल मोठा प्रदेश त्याबरोबर गेला. त्यामुळे 1998 पूर्वीचा ‘धुळे जिल्हा’ व नंतरचा ‘धुळे जिल्हा’ हे एकाच लोकसंख्येचे आकडे नव्हेत.

उपचारांचा इतिहास : वेळेचे महत्त्व

1880 च्या सुमारास पॅरिसमध्ये तार्निए यांनी इन्क्युबेटर वापरात आणला, तेव्हा थंडी हे मृत्यूचे मोठे कारण असल्याचे अधोरेखित झाले. 1959 मध्ये मेरी एलन अ‍ॅव्हरी व जेरे मीड यांनी अपक्व फुप्फुसांत सर्फॅक्टंट या द्रव्याचा अभाव असल्याचे दाखविले. 1963 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा सुमारे 2.1 किलो वजनाचा पुत्र याच श्वासविकाराने दोन दिवसांत दगावला. त्या काळी सत्ता वा संपत्ती येथे उपयोगी पडत नव्हती. आज सुसज्ज कक्षात या वजनाची बहुतेक अर्भके वाचतात. म्हणजे जोखीम अर्भकाच्या देहाइतकीच उपलब्ध सेवेवरही अवलंबून असते.

1972 मध्ये न्यूझीलंडचे लिगिन्स व हॉवी यांनी मातेला प्रसूतीपूर्वी दिलेल्या स्टेरॉइडमुळे अर्भकाचे फुप्फुस लवकर परिपक्व होते, असे सिद्ध केले. हे इंजेक्शन जन्माआधी पोटातच उपयोगी पडते. प्रसूती होऊन गेल्यावर रुग्णालयात पोहोचणाऱ्या कुटुंबाला हा लाभ मिळूच शकत नाही. चोपडा, यावल, रावेर वा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यावरून निघालेल्या गर्भवतीसाठी हे अंतर केवळ भौगोलिक उरत नाही.

महाराष्ट्रातील अनुभव

मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. जंतुसंसर्गापासून अशा अर्भकांचे रक्षण करण्यात आईच्या दुधाचा मोठा वाटा असतो, हा त्यामागील अनुभव होता.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995-96 मध्ये 39 गावांतील 763 नवजातांचे घरोघरी निरीक्षण केले. त्यांपैकी 40 दगावली. पुढील विश्लेषणातून असे दिसले की, अपुरे दिवस वा अल्पवजन एकटे सहसा मृत्यू घडवीत नाही; त्यास जंतुसंसर्ग, श्वासावरोध अशा दुसऱ्या आजाराची जोड मिळाली की धोका झपाट्याने वाढतो. हा निष्कर्ष रुग्णालयालाही लागू पडतो, कारण दुसरा आजार अनेकदा टाळता येण्याजोगा असतो.

खानदेशातील व्यवस्था

धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 मध्ये स्थापन झाले. जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 मध्ये, तर नंदुरबारला 2020 मध्ये आले. सुमारे तीन दशके संपूर्ण खानदेशात शासनाचे असे एकच महाविद्यालय होते.

2005 मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली आणि त्यानंतर नवजात शिशूंसाठी विशेष काळजी कक्ष उभे राहिले. येथे एक विरोधाभास संभवतो. पूर्वी घरीच दगावणारे व कित्येकदा नोंदही न होणारे अर्भक आता रुग्णालयात पोहोचते. सेवा सुधारत असतानाही रुग्णालयातील मृत्यूंचा आकडा वाढलेला दिसू शकतो. म्हणूनच या कक्षांत तेथेच जन्मलेली व बाहेरून आणलेली अर्भके वेगळी नोंदविली जातात. बाहेरून आलेल्या अर्भकाची तुलना आतल्याशी करताना दाखल होतेवेळचे तापमान, प्रवासाचा कालावधी व मातेची स्थिती पाहणे अगत्याचे आहे.

धुळ्या-जळगावच्या हिवाळ्यात उघड्या वाहनातून आणलेले दीड किलोचे अर्भक वाटेतच गारठते. आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे उदयास आली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील अभ्यासात जन्मानंतर लगेच ही पद्धत अवलंबिल्यास 1 ते 1.8 किलोच्या अर्भकांतील 28 दिवसांच्या आतील मृत्यू 15.7 वरून 12 टक्क्यांवर आल्याचे दिसले. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवणाऱ्या आपल्या समाजास उबेचे महत्त्व नवे नाही. ती ऊब प्रवासातही टिकली पाहिजे, एवढेच.

समारोप

मृत्यूचा एकच आकडा पाहून कोणी कुटुंबास उशिराबद्दल दोष देतो, तर कोणी डॉक्टरांस. दोन्ही निर्णय अपुऱ्या पुराव्यावर आधारलेले असतात. गर्भकालाची अचूक नोंद, मातेचा रक्तक्षय, स्थलांतर, रस्ता, थंडी व जंतुसंसर्ग या साऱ्यांचा एकत्र अभ्यास हवा. तो केवळ वैद्यकाचा विषय नाही. भूगोल, समाजशास्त्र, संख्याशास्त्र व इतिहास या विषयांच्या प्राध्यापकांनीही आपापल्या तालुक्यातून त्यास हातभार लावणे आवश्यक आहे. ‘अपुरे दिवस’ ही नोंद चौकशीचा शेवट न ठरता तिचा आरंभ ठरावी.