लेखक दुकानात बसतो, त्या शनिवारांविषयी

"तू इतिहास शिकवतेस, तर स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिही," असा संपादक मंडळाचा निरोप आला होता. पण ते काम आपल्या माजी मुख्याध्यापक सरांनीच करावं. त्यांच्याजवळ कागदपत्रं आहेत आणि शिवाय ती वाचता येण्याजोगं अक्षरही आहे. मी एका वेगळ्याच छोट्या इतिहासाबद्दल लिहिते आहे. तो मसुरीला घडला, पण आपल्या बाजारपेठेशी त्याचा थोडा संबंध आहे, तेव्हा धीर धरून वाचा.

आपल्या मराठीच्या पुस्तकात धड्याबरोबर लेखकाचा परिचय असायचा. नाव, त्यापुढे कंसात दोन सालं, मग ग्रंथसंपदा. बाई ती सालं तोंडपाठ करून घ्यायच्या. लेखक म्हणजे ज्याची दोन्ही सालं भरून झाली आहेत असा माणूस, हे आपल्या मनात इतकं पक्कं होतं की एखाद्याच्या कंसात एकच साल दिसलं तर छापायचं राहिलं असावं असं वाटे.

आणि तेव्हाच आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात 'फास्टर फेणे' होता. शिवण उसवलेला, मधली पानं सुटलेली, नंबर लावल्याशिवाय न मिळणारा. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल, पुण्याचं ते विद्याभवन, सगळं आपल्याला आपल्या आळीसारखं ठाऊक. जिभेने काढायचा त्याचा आवाज मागच्या बाकांवरून यायचा आणि बाई फळ्याकडे पाठ करून "कोण तो फेणे?" असं विचारायच्या. हे सगळं लिहिणारे भा. रा. भागवत आपण दहावी झालो त्या १९८६ साली हयात होते. ते १९१०चे, २००१ साली गेले. म्हणजे आपण शाळेत होतो ती सगळी वर्षं हा लेखक एस.टी.ने गाठता येईल इतक्या अंतरावर होता. कोणी त्यांना बोलावलं नाही, कोणी आपल्याला नेलं नाही. यात दोष कोणाचा नाही. आपल्याकडे तशी रीतच नव्हती. गणपतीत व्याख्यानं होत, ती मोठ्यांसाठी. पाहुणे येत ते बक्षीस समारंभाला, आणि ते बहुधा सभापती असत.

रीत कशी पडते, हे मला मसुरीच्या मॉल रोडवर समजलं. तिथे केंब्रिज बुक डेपो नावाचं पुस्तकांचं दुकान आहे. एका घरचं, बेताचंच. या दुकानात रस्किन बाँड कित्येक वर्षं दर शनिवारी दुपारी येऊन बसत आणि दोनेक तास मुलांना पुस्तकांवर सह्या देत. समारंभ नाही, सूत्रसंचालन नाही, दीपप्रज्वलन तर नाहीच. शनिवार आहे म्हणून लेखक आला, एवढंच.

पण तिथवर पोचायला या लेखकाला अर्धं आयुष्य लागलं, आणि इतिहास म्हणून मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो.

बाँड १९ मे १९३४ला कसौलीत जन्मले. आईवडील विभक्त झाले. वडील हवाई दलात होते. ते १९४४ साली गेले, तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. मोठी माणसं शिकारीला गेली असताना जंगलातल्या एका विश्रामगृहात एकटं बसावं लागलं, तिथे पुस्तकांचं एक फडताळ सापडलं आणि वाचन सुरू झालं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. सिमल्याच्या बिशप कॉटन शाळेत ग्रंथालयाच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. (आपल्या ग्रंथालयाची किल्ली शिपाईकाकांच्या करगोट्याला असायची, हे ज्यांना आठवतं त्यांना यातली चैन कळेल.) शाळा संपल्यावर ते इंग्लंडला गेले. तिथे पहिली कादंबरी लिहिली, 'द रूम ऑन द रूफ'. प्रकाशकाने पन्नास पौंड आगाऊ दिले आणि ते पैसे घेऊन हा तरुण १९५५ साली बोटीने भारतात परत आला. पुस्तक १९५६ साली निघालं, १९५७ साली त्याला जॉन ल्यूएलिन ऱ्हीस पारितोषिक मिळालं. लंडनला कौतुक झालं आणि लेखक मात्र डेहराडूनला खोली भाड्याने घेऊन मासिकांना गोष्टी पाठवत बसला.

पुढची तीसेक वर्षं त्यांचं पोट मासिकांवर चाललं. त्यात मुंबईचा वाटा मोठा होता. 'इलस्ट्रेटेड वीकली'ने त्यांचं लिखाण छापलं. सत्तरच्या दशकात मुंबईहून निघणाऱ्या 'इम्प्रिंट' मासिकाचं संपादन त्यांनी मसुरीत बसून केलं. त्याच दशकात त्यांच्या मोठ्यांसाठीच्या एका कथेवर मुंबईत अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यात लेखकाच्या बाजूने साक्ष द्यायला विजय तेंडुलकर आणि निस्सीम इझिकेल उभे राहिले आणि बाँड निर्दोष सुटले. आपल्या नाटककाराने एका डोंगरात राहणाऱ्या इंग्रजी लेखकासाठी कोर्टात जावं, हे मला फार आवडतं. शाळेच्या स्मरणिकेत खटल्याचा उल्लेख नको असं कोणाला वाटलं तर खुशाल गाळा.

मुलांसाठीची त्यांची पुस्तकंही आधी इंग्लंडमध्येच निघाली. 'अँग्री रिव्हर' हे १९७२ सालचं. म्हणजे मुलं इथली, नदी इथली, लेखक इथला, आणि पुस्तकं छापून निघत होती लंडनला. ऐंशीच्या दशकात पेंग्विनने भारतात प्रकाशन सुरू केलं, त्यांची जुनी पुस्तकं पुन्हा छापली, आणि ती इथल्या मुलांच्या दप्तरात दिसू लागली. १९९२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार, १९९९ साली पद्मश्री हे सगळं त्यानंतरचं. साठ ओलांडता ओलांडता या माणसाला स्वतःचा वाचक डोळ्यांनी दिसू लागला. शनिवारची खुर्ची मला त्या संदर्भात दिसते. मुलांना लेखक भेटत होता हे खरं, पण लेखकालाही मुलं भेटत होती, आणि त्याने वाट जास्त पाहिली होती.

मी स्वतः २०१५च्या मे महिन्यात भावाच्या कुटुंबाबरोबर तिथे गेले. दुकानाबाहेर रांग होती. मसुरीचा मॉल रोड म्हणजे शाली, मोमो, मक्याची कणसं आणि फोटोवाले. त्या गर्दीत पुस्तकासाठी ताटकळणारी मुलं पाहून बरं वाटलं. आता खरं सांगायचं तर रांगेतली निम्मी मोठी माणसं फोटोसाठीच आली होती. काहीजण आत शिरल्यावर "सगळ्यात पातळ पुस्तक कोणतं?" असं विचारत होते. बाँड यांनी स्वतःच मजेत सांगितलं आहे की लोक त्यांना किपलिंग समजतात. माझ्या डोळ्यांसमोर तसं काही झालं नाही, पण व्हायला हरकत नव्हती.

माझी भाची दहा वर्षांची. तिचा नंबर आला. त्यांनी तिच्या नावाचं स्पेलिंग विचारलं, सावकाश लिहिलं, खाली सही केली. अर्धं मिनिट लागलं असेल. बाहेर आल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, हे अजून लिहितात?" मी हो म्हटलं. "म्हणजे पुढची गोष्ट अजून झालेलीच नाही?"

आपल्यापैकी एकालाही शाळेत असताना हा प्रश्न सुचला नव्हता. कंसातली दोन्ही सालं भरलेली असली की तो सुचत नाही.

मात्र सगळं श्रेय लेखकाला द्यायला मी तयार नाही. दर आठवड्याला, ऐन हंगामात, सगळ्यात जास्त गिऱ्हाइकाच्या वेळी दुकानातली जागा अडवून एका माणसाला बसवायचं, रांग सांभाळायची, रडणाऱ्या पोराला पुढे घ्यायचं आणि पातळ पुस्तक मागणाऱ्याशीही गोड बोलायचं, हे दुकानदाराचं काम. त्या दुकानदाराने ते वर्षानुवर्षं केलं. बाँड यांच्या वाढदिवसाला वाचकांसह केकही याच दुकानात कापला जाई. मोठ्या साखळी दुकानांनीही लेखक आणले, पण ते नवं पुस्तक आलं की एकदा. दर शनिवारची सवय लागायला मालक स्वतः गल्ल्यावर बसणारा लागतो.

२०२० साली करोना आला आणि हे शनिवार थांबले. लेखकाने तेव्हा पंच्याऐंशी ओलांडली होती. २०२४ साली साहित्य अकादमीने त्यांना महत्तर सदस्यत्व दिलं, ते त्यांच्या लंढौरच्या घरी जाऊन.

आता आपली बाजारपेठ. चौकातलं पुस्तकांचं दुकान तुम्हा सगळ्यांना आठवतं. जूनमध्ये खाकी कागदाचे रोल, वह्यांचे गठ्ठे, आणि वरच्या फळीवर गोष्टीची पुस्तकं, जी काका "हात धुतलेत का?" असं विचारल्याशिवाय देत नसत. ते आता त्यांचा मुलगा चालवतो, आपल्याच 'ब' तुकडीतला. त्याचं नाव लिहीत नाही. त्याला आवडणार नाही आणि तुम्हाला ते माहीत आहेच. गाइडं आणि वह्या यांवर दुकान तग धरून आहे. वरची फळी अजून आहे, पण तिथून महिन्याला मोजकीच पुस्तकं खाली येतात. मोबाइलच्या दुकानासाठी जागा मागायला दोघे येऊन गेले. त्याने अजून होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.

दिवाळीत त्याच्याकडे बसले होते तेव्हा मसुरीचं सांगितलं. तो म्हणाला, "तुझा रस्किन बाँड इथे कशाला येतोय?" बरोबर आहे. पण मराठीत मुलांसाठी लिहिणारी माणसं आज आहेत, आणि त्यातली काही आपल्याच जिल्ह्यात राहतात. त्यांच्यापैकी एका लेखिकेला मी फोन केला. मानधन विचारलं तर त्यांनी एस.टी.चं तिकीट आणि मुलं किती येतील एवढंच विचारलं.

स्नेहमेळावा शनिवारी सकाळी आहे. त्याच दुपारी चार ते सहा तो दुकान त्यांच्यासाठी मोकळं ठेवणार आहे. वह्यांचे गठ्ठे मागच्या खोलीत हलवायला दोन माणसं लागतील, आणि खुर्च्या शाळेतून न्याव्या लागतील. त्याचं सरांशी बोलणं झालं आहे. नातवंडं, भाचरं घेऊन येणार असाल तर मला आधी कळवा. वरची फळी किती भरून ठेवायची, ते त्याला ठरवायचं आहे.