कवळाण्याचा गोपाळ, बडोद्याची गादी

राजाच्या पश्चात गादीवर कोणी बसावे, हा प्रश्न वरकरणी रक्ताचा आणि धर्मशास्त्राचा दिसत असला, तरी त्याचा निर्णय बहुधा अधिसत्तेच्या इच्छेने होत आला आहे. बडोद्याच्या गायकवाडांच्या इतिहासात याचा प्रत्यय दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा कथेचा धागा नाशिक जिल्ह्यातून जातो.

पहिला प्रसंग १७६८ चा. चांदवडजवळील धोडप किल्ल्यापाशी थोरल्या माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पाडाव केला, तेव्हा दमाजीराव गायकवाडांनी दादांच्या कुमकेस धाडलेला त्यांचा पुत्र गोविंदरावही पेशव्यांच्या हाती सापडला. त्याच वर्षी दमाजीराव निवर्तले. गोविंदराव थोरल्या राणीचा, तर त्याचा सावत्र भाऊ सयाजीराव वयाने थोरला. शास्त्रार्थ दोन्ही बाजूंनी करता येण्याजोगा होता, म्हणूनच तो पुण्याच्या हाती गेला. नजराणा आणि दंड कबूल करून घेऊन पेशव्यांनी प्रथम गोविंदरावाला वस्त्रे दिली, आणि १७७१ मध्ये निर्णय फिरवून गादी सयाजीरावाला व मुतालकी त्याचा भाऊ फत्तेसिंगराव याला दिली. भाऊबंदकी जितकी तीव्र, तितकी अधिसत्तेची पकड घट्ट, हा धडा पुढे इंग्रजांनीही गिरवला.

दुसरा प्रसंग शंभर वर्षांनंतरचा. १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले आणि ज्याला त्यांनी पाद्र्यास कैदेत ठेवले होते, तोच त्यांचा भाऊ मल्हारराव गादीवर आला. १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्याच्यावर आला. चौकशी मंडळातील तिघा इंग्रजांनी त्याला दोषी मानले, पण शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण दाखवून त्याला पदच्युत करून मद्रासला नेण्यात आले, आणि त्याच्या पुत्राचा हक्क मानला गेला नाही.

राज्य मात्र खालसा झाले नाही. साताऱ्याचे आणि नागपूरचे दत्तक नामंजूर करण्याचे परिणाम १८५७ ने दाखवून दिले होते आणि त्यानंतर संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या होत्या. म्हणून खंडेरावांच्या विधवा जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, पण मुलगा सरकारला पसंत पडेल असाच हवा होता. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी शेतीवर निर्वाह करणारे काशीराव गायकवाड आपल्या मुलांसह बडोद्यास गेले, त्यांतील गोपाळ निवडला गेला, आणि २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन तो सयाजीराव झाला. विधी शास्त्राप्रमाणे झाला, निवड मात्र साम्राज्याच्या सोयीने झाली.

हे केवळ हिंदुस्थानातच घडत होते असे नाही. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांचा राजा लुनालिलो १८७४ मध्ये वारस न नेमता वारला, तेव्हा विधिमंडळाने राणी एम्माऐवजी सरदारकुळातील कालाकौआ याला निवडले. एम्माच्या पक्षाने होनोलुलूत दंगल केली, आणि ती मोडण्यासाठी अमेरिकन व ब्रिटिश युद्धनौकांवरील सैनिक किनाऱ्यावर उतरले. वंशपरंपरेने वारस ठरेनासा झाला की बाहेरच्या बळाला शिरकाव मिळतो, हे बडोद्यात दिसले तसे तेथेही दिसले.

बडोद्यात दत्तक झाला तेव्हा बारा वर्षांच्या गोपाळला रीतसर शिक्षण मिळालेले नव्हते. दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभार सांभाळला, इलियट यांनी त्याला शिकवले, आणि डिसेंबर १८८१ मध्ये त्याच्या हाती अधिकार आले. त्यानंतर अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सुरू केलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्याने १९०६ मध्ये सर्व राज्यभर लागू केले, आणि १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत गादीवर राहून आपली निवड सार्थ केली. गादीचा हक्क सनदेने आणि दत्तविधानाने मिळतो. तिची योग्यता मात्र राज्यकर्त्याला प्रजेच्या हितातूनच सिद्ध करावी लागते, आणि सयाजीरावांनी ती निःसंशय सिद्ध केली.