सेंद्रिय माल : ग्राहकाला परवडेल, शेतकऱ्यालाही पुरेल

सेंद्रिय डाळ-भाजी घ्यावी असे अनेक कुटुंबांना वाटते. पण दुकानातील किंमत पाहून ती परत ठेवली जाते. त्या किमतीत वाहतूक, साठवण, पाकीट, दुकानभाडे आणि मधला नफा असतो. म्हणून माल स्वस्त करताना बांधावरचा भाव पाडू नये. शेत ते स्वयंपाकघर या वाटेवरचा खर्च कमी करावा.

प्रमाणीकरणाचा खर्च

त्रयस्थ संस्थेकडून होणारे प्रमाणीकरण एकट्या अल्पभूधारकाला महाग पडते. देशांतर्गत विक्रीसाठी ‘पीजीएस-इंडिया’ ही सहभागी हमी पद्धती सोयीची आहे. एकाच किंवा जवळपासच्या गावांतील किमान ५ शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. रूपांतरण काळातील मालाला ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ आणि काळ पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ चिन्ह मिळते. निर्यातीसाठी मात्र ‘एनपीओपी’ प्रमाणपत्रच लागते.

तूर विकावी की डाळ?

खालील आकडे हिशेबाची पद्धत समजण्यासाठी आहेत. आपल्या बाजारातील दर घालून पाहावे.

- १ क्विंटल तुरीचा बाजारभाव : ८,००० रुपये
- डाळ तयार करणे : ५०० रुपये
- पाकीट व वाहतूक : ७०० रुपये
- एकूण : ९,२०० रुपये
- मिळणारी डाळ : सुमारे ७० किलो, म्हणजे किलोला सुमारे १३१ रुपये

ही डाळ थेट ग्राहकाला १५० रुपये किलोने दिली, तर १०,५०० रुपये येतात. म्हणजे तूर विकण्यापेक्षा क्विंटलमागे १,३०० रुपये जास्त. चुणी जनावरांना उपयोगी पडते ती वेगळीच. आपला दर दुकानातील सेंद्रिय डाळीच्या दराशी ताडून पाहावा.

ग्राहकाच्या बजेटमध्ये बसणारी विक्री

- महिन्याचा सगळा किराणा सेंद्रिय घ्या, असा आग्रह धरू नये. पालेभाज्या, डाळ, ज्वारी अशा रोजच्या २-३ वस्तूंपासून सुरुवात करावी.
- हंगामात निघेल तीच भाजी द्यावी. बिगरहंगामी भाजीत खर्च आणि जोखीम दोन्ही वाढतात.
- वाकडी-तिकडी, लहान. पण ताजी भाजी वेगळी काढून कमी दरात द्यावी.
- एकाच सोसायटीतील ८-१० कुटुंबांची आगाऊ मागणी घेऊन ठरलेल्या दिवशी माल पोचवावा.
- धान्य ५ किंवा १० किलोच्या कापडी पिशवीत द्यावे. रिकामी पिशवी परत घ्यावी.
- कडधान्य साठवणीपूर्वी चांगले वाळवावे. ओलावा ९-१० टक्क्यांपर्यंत आणल्यास कीड कमी लागते.

विश्वास जपा

ग्राहक जादा पैसे मोजतो ते शब्दावर. प्रमाणपत्र नसताना पाकिटावर ‘सेंद्रिय’ चिन्ह छापू नये. रूपांतरणातील माल तसाच सांगून विकावा. शेजारच्या शेतातून फवारा येत असेल, तर बांधालगत अडसर पीक घ्यावे आणि त्या कडेचा माल वेगळा ठेवावा. गटातील एकाने बाजारातून माल आणून पाकिटात भरला, तर सगळ्या गटाची पत जाते. त्यामुळे प्रत्येक पिशवीवर शेतकऱ्याचे नाव, गाव व काढणीची तारीख लिहावी. डाळ, पीठ असा प्रक्रिया केलेला माल विकण्यापूर्वी अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करून घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी गट नोंदवतानाच वरील हिशेब शेतकऱ्यांकडून कागदावर करून घ्यावा.