इनामगावची अध्याहृत विधाने
शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन केले. तिथे पाच खोल्यांचे घर आणि शेजारी धान्यकोठार निघाले. त्यावरून ते गावप्रमुखाचे ठरले. ‘मोठे घर प्रमुखाचेच असते’ हे आधारविधान अध्याहृतच राहिले. ते उघड मांडले की युक्तिवाद निगामी व वैध होतो, पण विधानच डळमळते. मोठ्या कुटुंबालाही खोल्या जास्त लागतात. कोठाराची जोड नसती, तर निष्कर्ष लंगडाच ठरला असता. दफनांच्या अर्थातही असेच गृहीतक दडले आहे. तिथे प्रौढांना पावले तोडून पुरलेले आढळले. मृताने निघून जाऊ नये म्हणून, हा त्याचा अर्थ भुताखेतांवरील श्रद्धा गृहीत धरतो. उत्तर जोर्वे काळातील, म्हणजे वसाहतीच्या अखेरच्या टप्प्यातील, गोल झोपड्यांवरून दारिद्र्याचे अनुमान निघाले. ते विगामी, म्हणून फक्त संभाव्य.